दोऱ्याखालचा सांधा

"उभ्या गाडीला काय विचारतेस? उभी असताना सगळ्याच शहाण्या असतात. तिला तापव, हलव, चढावर ने, आणि मग विचार!"

बापाचा हा आवाज ताईच्या कानात कायमचा मुक्कामाला आला होता. बाप गेला, त्याचा जाड भिंगांचा चष्मा गेला, पत्र्याच्या शेडचं पक्कं दुकान झालं. पण गाडीचं बॉनेट उघडलं की आवाज हजर. पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि एका बंद गाडीच्या वायरी एकेक करून न्याहाळत बसली होती, जणू त्यातली एखादी लाजून आपणहून गुन्हा कबूल करणार होती. बाप हसला नव्हता. तो हसायचाच नाही. तो नुसता तुच्छतेने बघायचा, आणि ती तुच्छता ताईने दुकानासकट वारशात घेतली होती.

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारी त्या रस्त्यावर ती एकटीच. म्हणजे दुकानं आणखी चार होती, पण त्यांतली माणसं ती मोजत नसे. "ते पार्ट बदलतात," ती म्हणायची. "ताप आला की डोकं बदलून टाकायचं, अशी त्यांची डॉक्टरी."

काम करताना तिच्या तोंडात सतत काहीतरी जुळत असायचं. तिची आई याच दुकानाच्या कोपऱ्यात बसून सीटकव्हरं शिवायची आणि मशीनच्या लयीत ओव्या म्हणायची. आईच्या ओव्यांत माहेर असायचं, चांदणं असायचं, लांब गेलेला भाऊ असायचा. लेकीने चाल तेवढी ठेवली आणि आत शिव्या भरल्या.

त्या दिवशी सकाळी ती एका ट्रकच्या दिव्याशी झटत होती, तेव्हा रस्त्यावरून इंजिनाचा आवाज आला. डिझेल इंजिन, जुनं, घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखं, पण मोजून पावलं टाकणारं. तिने मान वर केली नाही. हातातला स्क्रूड्रायव्हर मात्र जागच्या जागी थांबला. कानाला जे कळतं ते कळलं होतं; डोळ्यांनी त्यावर सही करायची तेवढी बाकी होती.

चौकोनी तोंडाची, रंग विटलेली फोर-व्हील-ड्राइव्ह दुकानासमोर उभी राहिली. मागच्या बंपरला डावीकडे तोच जुना पोचा. दार उघडून उतरला तो तिचा भाऊ.

"बारक्या?"

"हो." त्रेचाळिसाव्या वर्षी, कानाशी पिकलेले केस घेऊन, तो या हाकेला अजून ओ देत होता.

"ही गाडी तुझ्याकडे कशी आली?"

"लिलावात घेतली. सहा वर्षं झाली."

"सहा वर्षं? आणि मला पत्ता नाही?"

"तू कधी विचारलंस?"

ताईने ट्रकवाल्याला खुणेनेच बसायला सांगितलं आणि हात पुसत बाहेर आली. भाऊ उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. बावीस वर्षांत लग्नकार्याला, दवाखान्यात, बाप गेला तेव्हा घरी, असे ते भेटत आले होते. पण या दुकानाच्या उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. आताही टाकलं नाही.

"बंद पडते," तो म्हणाला. "चढावर. मधेच. आणि पाच-दहा मिनिटांनी अशी चालू होते, जसं काही झालंच नाही."

"सगळं जग चांगल्या गाड्या घेतं," ताई म्हणाली, "आणि माझ्या भावाने काय घेतलं? स्वतःची बदनामी. तीही लिलावात."

तो हसला नाही. "म्हणूनच घेतली. मला कळायला हवं ताई, माझा हात नेमका कुठे चुकला ते. बाबांनी सांगितलं नाही. त्यांनी फक्त सांगितलं की चुकला."

ताईने उगाचच बॉनेटवरची धूळ पुसली. त्या पुसण्याने गाडी स्वच्छ झाली नाही.

बावीस वर्षांपूर्वी ही गाडी जमिनी मोजणाऱ्या खात्याची होती. उंदरांनी तिच्या वायरी कुरतडून पार चोथा केला होता आणि बापाने सगळी वायरिंग नव्याने घालायचं काम अंगावर घेतलं होतं. नऊ दिवस तिघं खपले: बाप, ताई, बारक्या. दुकानाचा एक नियम होता. वायरीला सांधा मारायचा, तर आधी पिळायचा, मग वितळलेल्या सोल्डरचा डाग देऊन पक्का करायचा, मग दोन्ही हातांनी ओढून बघायचा, आणि हे सगळं झाल्यावर वरून मेण लावलेला दोरा गुंडाळायचा. प्लॅस्टिकच्या टेपचं बापाला वावडं होतं. दोरा आईचा, सीटकव्हरं शिवायचा. दोरा बांधला म्हणजे काम झालं. दोऱ्याखालचं कोणी पुन्हा उघडून बघत नसे. ती एक प्रकारची शपथच होती.

दहाव्या दिवशी साहेबांना घेऊन गाडी चढावर गेली, मधेच मेली, उलटी घरंगळली आणि एका भिंतीवर जाऊन आदळली. साहेबांचा चष्मा फुटला आणि बापाचं नाव. बाप गाडीखाली शिरला, डॅशबोर्डखाली शिरला, दिवसभर शोधत राहिला. जिथे दोरा होता तिथून त्याची नजर पुढे सरकत गेली. फ्यूज बॉक्सच्या मागे मात्र चार वायरी अजून दोऱ्यावाचून होत्या, आणि फ्यूज बॉक्स बारक्याचा. बाप बाहेर आला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझ्या हाताला वळण नाही. सोड हे काम." दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्या दुकानात आला नाही. तो पुन्हा कधीच आला नाही. गाडी खात्याच्या आवारात नुसती पडून राहिली, आणि दुकान ताईचं झालं.

आणि ताईला एक गोष्ट आठवत होती. सहाव्या की सातव्या दिवशी दुपारी, डॅशबोर्डखाली उताणी पडून ती एक सांधा करत होती. पिळून झाला, सोल्डर आयर्न हातात घेतलं, आणि वीज गेली. आयर्न गार. पडल्या पडल्या वाट बघायचा कंटाळा आला. नंतर डाग देऊ म्हणून तिने सांधा हातातून निसटू नये एवढ्यापुरता दोरा बांधला. मग वीज आली, चहा आला, दुसरं काम आलं. ती परत गेली होती का त्या सांध्याकडे? गेली असेल. गेलीच असेल. बावीस वर्षं ती स्वतःला हेच सांगत होती, आणि ज्या बाईला रस्त्यावरच्या कुठल्याही मिस्त्रीची थाप एका वाक्यात कळायची, तिने स्वतःची ही थाप बावीस वर्षं मुकाट ऐकून घेतली होती.

"आत्तापर्यंत कोणाकोणाला दाखवलीस?" तिने विचारलं.

भावाने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "पहिल्याने बॅटरी बदलली."

"अर्थात."

"मग परत बॅटरी. तो म्हणाला पहिली खराब निघाली. मग आल्टरनेटर. मग सेल्फ."

"गाडी चालता चालता बंद पडते, आणि त्याने सेल्फ बदलला? चालू करायचं यंत्र?"

"तो म्हणाला, बदलून बघू."

"बायको बदलून बघितली का त्याने?"

शेजारच्या गॅरेजातला इंजिनमिस्त्री आवाज ऐकून हात पुसत आला होता. नवरा-बायकोच्या भांडणाइतकाच त्याला दुसऱ्याच्या गाडीतला बिघाड प्रिय होता. "हीटर प्लग बघितले का हो?" त्याने विचारलं.

"चारही बदललेत," भाऊ म्हणाला.

"ते थंड इंजिन पेटवायला लागतात," ताई इंजिनमिस्त्रीकडे बघत म्हणाली. "चढावर, उकळत्या इंजिनात, त्यांचं काय काम? तुम्ही जेवून उठल्यावर चूल पेटवता का?"

"एकाने मशीन आणलं होतं," भाऊ पुढे म्हणाला. "कॉम्प्युटरचं. अर्धा तास डॅशबोर्डखाली चाचपडत होता, सॉकेट कुठंय, सॉकेट कुठंय करत. मग म्हणाला, गाडीचा कॉम्प्युटर चोरीला गेलाय."

ताई बॉनेटला टेकून हसली. या गाडीत कॉम्प्युटर कधी नव्हताच. ती त्या काळातली होती जेव्हा गाडीत अक्कल घालत नसत, ती चालवणाऱ्याने घरून आणायची असे. हसता हसता तिच्या तोंडात जुळलंच:

*कॉम्प्युटर नाही गं, मशीन लावतो,*
*दगडाची नाडी बघाया धावतो.*

"बरं झालं तुमच्याकडे आले," इंजिनमिस्त्री म्हणाला. "पण ताई, माझं ऐकाल तर हा पंप आहे. डिझेलच पोचत नसणार. मी खोलतो, दोन दिवसांत—"

"तुम्हाला पंप खोलायचाय, का आजार शोधायचाय?"

"पंप खोलल्यावर आजार दिसेल ना."

"पोट फाडल्यावर भूकही दिसते का? जा, तुमचा चहा गार होतोय."

तो गेला, म्हणजे चार पावलं मागे सरला. ताई भावाकडे वळली.

"आता मला सांग. बंद पडते तेव्हा हेडलाइट जातात?"

"नाही. एकदा धुक्यात होतो. दिवे लख्ख होते."

"आणि डिझेलचा काटा? तो काय करतो?"

सहा वर्षांत, सात मिस्त्र्यांत, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याने डोळे मिटले, जणू चढावर जाऊन बघून येतोय. "पडतो," तो सावकाश म्हणाला. "टाकी भरलेली असली तरी शून्यावर पडतो. आणि गाडी चालू झाली की परत वर येतो."

"सात जण," ताई म्हणाली. "सात जणांनी या गाडीत हात घातले, आणि एकालाही काटा बघायचं सुचलं नाही. काटा तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त बोलत होता."

पण तिची जीभ चालत होती तेवढं तिचं मन चालत नव्हतं. मनाला कुठे जायचंय ते कळलं होतं, आणि ते पाय ओढत होतं. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा पेटल्यावर विजेचं फारसं काही लागत नाही. पंपाच्या डोक्यावर अंगठ्याएवढा एक सोलेनॉइड असतो. त्याला करंट मिळतो तोवर डिझेलची वाट उघडी, करंट गेला की वाट बंद आणि इंजिन मुकं. या गाडीत त्याच वायरीवर मीटरचे काटेही होते. दिवे शाबूत, काटा शून्य, इंजिन बंद: म्हणजे बॅटरी नाही, पंप नाही. किल्लीचा स्विच, नाहीतर स्विचपासून पुढे जाणारी ती एक वायर. आणि ती वायर डॅशबोर्डखालून जाते. जाते कसली, तिनेच घातली होती.

स्विचच असू दे, ती मनात म्हणाली. स्विच बाजारात मिळतो.

तिने दोन छोटे बल्ब घेतले, एकाला लाल टेप चिकटवली. साधा बल्ब किल्लीच्या स्विचच्या मागे जोडला. लाल बल्बची लांब वायर खिडकीतून, बॉनेटच्या फटीतून नेऊन पंपावरच्या सोलेनॉइडला लावली. दोन्ही बल्ब डॅशबोर्डवर शेजारी शेजारी चिकटवले. किल्ली फिरवली तसे दोन्ही पेटले, दोन भावंडांसारखे.

"चल," ती भावाला म्हणाली. "चढावर."

"एवढंसं लावून?" इंजिनमिस्त्री मागून म्हणाला.

"हो. एवढंसंच. याला डोळे म्हणतात. तुम्हाला हवे असतील तर एक जोडी देते."

*

गावाबाहेरचा चढ आठ वळणांचा होता. भाऊ गाडी हळुवार चालवत होता, प्रत्येक खड्ड्याला मान देत. ताईने बघून घेतलं: त्याचा डावा हात गिअरवर कमी आणि हँडब्रेकच्या आसपास जास्त. त्या हाताला बावीस वर्षांपूर्वीची भिंत अजून आठवत होती, तेव्हा गाडीत तो नव्हता तरीही.

"या गाडीत बसवतोस कोणाला?" तिने विचारलं.

"नर्सबाईंना. वरच्या वस्त्यांवर लशीची पेटी घेऊन जातात. गेल्या आठवड्यात सहाव्या वळणावर बंद पडली. मागे दरी. बाई उतरल्या, पेटी डोक्यावर घेतली, म्हणाल्या, भाऊ, तुम्ही चांगले आहात, पण मी चालत जाते."

"शहाणी बाई आहे."

"ताई, एक विचारू? मी नंतर वायरीला हात लावला नाही. घरचा बल्ब गेला तरी माणूस बोलावतो. बायको हसते. पण हात पुढे केला की बाबांचा आवाज येतो."

"बाबांचा आवाज मलाही येतो," ताई म्हणाली.

"तुला काय म्हणतात?"

"गाडी हलव म्हणतात. पुढे बघ."

चौथं वळण गेलं. पाचवं. गाडी तापली होती. डॅशबोर्डखालून तापलेल्या रबराचा वास येऊ लागला. सहाव्या वळणावर चाक एका खड्ड्यात गेलं, सगळी गाडी एकदा अंग झाडल्यासारखी हलली, आणि आवाज गेला. इंजिनाचा आवाज गेल्यावर चढावर जी शांतता होते तिला वारा म्हणतात, एरवी तो ऐकू येत नाही. भावाने हँडब्रेक ओढला तो मुळापासून उपटेल असा.

ताई बल्बांकडे बघत होती. साधा बल्ब पेटलेला होता. लाल बल्ब विझला होता.

स्विचपर्यंत करंट होता. स्विच निर्दोष होता. स्विचच्या पुढे, पंपाच्या अलीकडे, डॅशबोर्डखाली कुठेतरी, तिच्या स्वतःच्या वायरीत, वाट तुटली होती.

"काय दिसलं?" भावाने विचारलं.

"थांब, दिसतंय," ती म्हणाली. एरवी तिच्या तोंडात काहीतरी जुळलं असतं; आज जुळलं नाही.

सात मिनिटांनी डॅशबोर्डखाली कुठेतरी, फक्त तिलाच ऐकू यावं असं, काहीतरी टिचकलं आणि लाल बल्ब पेटला. काटा वर आला. गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली, गरीब गायीसारखी. ताईला तिचा भयंकर राग आला.

*

दुकानासमोर आल्यावर तिने पायाखालचं रबर काढलं, डॅशबोर्डची खालची फळी सोडवली आणि उताणी होऊन आत शिरली. टॉर्च दातांत. बावीस वर्षांपूर्वी ती इथे सहज मावत होती. आता खांदा अडकला, गुडघा कुरकुरला.

"तू बाहेरून लाल बल्बकडे बघ," टॉर्चच्या बाजूने ती म्हणाली. "विझला की सांग."

वायरींचा जुडगा डोक्यावर होता. धुळीने काळा पडलेला, पण देखणा. जागोजाग दोरा, पेरापेरावर दोरा, एखाद्या वेणीसारखा. सात मिस्त्र्यांनी हा जुडगा पाहिला असेल आणि म्हटलं असेल, वा, इथे तर काही प्रश्नच नाही. सुबक दिसलं की लोक विचारायचं थांबतात. बाप नियमापायी फसला. पण हे सात जण नुसत्या रूपाला भुलले. आणि ती? तिला तर ना नियम आड आला, ना रूप.

तिने जुडग्यावरून बोटं फिरवली. बापाचा दोरा उजवीकडून वळलेला. भावाचाही उजवीकडून, फक्त सैलसर. घरात डावरी ती एकटी. बोट पुढे सरकलं आणि एका जागी दोऱ्याचं वळण उलटं लागलं.

तिने त्या जागी वायर किंचित वाकवली.

"विझला!" भाऊ बाहेरून ओरडला.

तिने सोडली.

"पेटला!"

तिने पुन्हा वाकवली.

"विझला! ताई, तिथेच आहे! तिथेच! सोडू नकोस!"

सोडू नकोस. ती उताणी पडून राहिली. टॉर्चने दात दुखत होते. तिने खिशातलं ब्लेड काढलं आणि आपल्याच शपथेवर चालवलं. मेण वाळून कडक झालं होतं, दोरा चिरकत तुटला. खाली तांब्याच्या दोन वायरी एकमेकींत पिळलेल्या, हिरव्या पडलेल्या. डाग नव्हता. थेंबभरही नव्हता. बावीस वर्षं त्या नुसत्या एकमेकींना धरून उभ्या होत्या. गार असताना घट्ट, तापल्या-हलल्या की हात सुटायचा. त्यांची तरी काय चूक. त्यांना धरून ठेवायला सांगितलं होतं, त्यांनी जमेल तेवढं धरलं.

'करंट कळतो म्हणे बाईला,' ती स्वतःलाच मनात म्हणाली. 'सगळ्या रस्त्याची अक्कल काढते. वा गं वा.'

तिने खराब तुकडा दोन्ही बाजूंनी कापून काढला आणि मुठीत घेतला. नवी वायर जोडली, पिळली, आयर्न मागवून घेतलं, डाग दिला. सोल्डर चांदीसारखं वितळून पसरलं आणि थिजलं. दोन्ही हातांनी ओढून बघितलं. मग दोरा. गुंडाळता गुंडाळता तिच्या ओठांवर काहीतरी आलं, आणि त्यात एकही शिवी नव्हती. आईचंच होतं, मशीनच्या लयीतलं:

*दूरदेशी भाऊ, किती वाट पाहू,*
*कुणापाशी ठेवू, मनातलं.*

ओवी तिथेच तोडून ती बाहेर आली. डोळ्यांत बावीस वर्षांची धूळ गेली होती, त्यामुळे ते चोळायला निमित्त मिळालं.

"मिळाला?" भाऊ गुडघ्यांवर बसला होता. इंजिनमिस्त्री त्याच्या मागे, चहाच्या पेल्यासकट.

"मिळाला."

"कुठे होता?"

उत्तर द्यायला तिला फार वेळ लागला नाही. तिच्यासारख्या हुशार बाईला लागतच नाही. "फ्यूज बॉक्सच्या मागे," ती म्हणाली. "एक टोक ढिलं होतं. धूळ गेली होती. आवळलं. आता नाही बंद पडणार."

"म्हटलं नव्हतं पंप नाही म्हणून!" इंजिनमिस्त्री कोणालातरी म्हणाला आणि पेला घेऊन आपल्या गॅरेजकडे गेला.

भाऊ तिथेच बसून राहिला. मग त्याने मान हलवली, एकदा, दोनदा. "फ्यूज बॉक्स," तो म्हणाला. "म्हणजे माझंच."

ताईने मुठीतला तुकडा आणखी घट्ट धरला.

"बाबा बरोबर होते." तो हसला. त्याच्या चेहऱ्यावर असं मोकळं हसू ताईने तो एकवीस वर्षांचा असताना पाहिलं होतं, त्यानंतर नाही. "बरं झालं गं कळलं. मी इतकी वर्षं मनातल्या मनात त्यांना काय काय बोललो. ते शेवटचे आजारी होते ना, तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता, आणि मी हात ढिला ठेवला. घट्ट धरला नाही. म्हटलं, याच हाताला वळण नाही म्हणालात ना? उगाच. ते खरंच बोलले होते."

तो उठला. पँट झटकली. आणि मग बावीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्याने केलं: उंबऱ्यापाशी जाऊन चप्पल काढली आणि दुकानात पाऊल टाकलं.

आत भिंतीशी बापाचं स्टूल होतं, बसून बसून मधे खोलगट झालेलं. ताई त्यावर बसत नसे आणि दुसऱ्या कोणाला बसूही देत नसे. भाऊ त्या स्टुलासमोर उभा राहिला. त्याने उजवा हात पुढे केला, तोच, वळण नसलेला, आणि तळवा अलगद त्या खोलगट लाकडावर टेकवला.

"चुकलं बाबा," तो हळूच म्हणाला. "माझंच चुकलं होतं."

ट्रकवाला बाहेर कंटाळून हॉर्न वाजवत होता. ताईच्या मुठीतला तुकडा तळहाताला टोचत होता. आता नुसतं गप्प राहायचं होतं. त्यात ती मुरलेली होती. भाऊ हलका होऊन घरी जाईल, गाडी चालत राहील, नर्सबाई पेटी घेऊन पुन्हा पुढच्या सीटवर बसतील, आणि हा माणूस मरेपर्यंत घरातला बल्ब बदलायला दुसऱ्याला बोलावत राहील. सांधा पुन्हा एकदा डागावाचून, वरून सुबक दोरा.

"बारक्या."

तो वळला.

ताईने मूठ उघडली. तळहातावर हिरवट पिळाचा तो बोटाएवढा तुकडा होता, अर्धा दोरा अजून त्याला चिकटलेला, डावीकडून वळलेला.

"फ्यूज बॉक्स नव्हता. तुझं काम चोख होतं. हा सांधा माझा आहे. लाइट गेली होती, मी डाग न देता दोरा बांधला, आणि बाबा तुला सगळ्या रस्त्यादेखत बोलत होते ना, तेव्हा मी तिथेच उभी होते. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, बारक्या. आणि मी तोंड उघडलं नाही."